मातीच्या घरात ऑम्निबस कसे टिकवायचे?

कवेलूघर:
रामराम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. घर मातीच्या भिंतीचं, वर कवेलू. माझ्याकडे मार्व्हल कॉमिक्सचे सहा ऑम्निबस आहेत, म्हणजे बरेच अंक एकत्र बांधलेले जाडजूड खंड, सगळे पक्क्या बांधणीचे. सोयाबीन विकलं की वर्षाला एक घेतो. गावात कुरिअर येत नाही, म्हणून एकेक दारव्ह्याहून गाडीच्या टाकीवर ठेवून आणलाय.

यातला सगळ्यात लाडका 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पहिला खंड. १९६२ मधली पहिली गोष्ट आणि पुढचे स्टीव्ह डिटकोने काढलेले १ ते ३८ अंक, सगळे सलग. अंक ३३ मी किती वेळा वाचला असेन! पीटर, म्हणजे आपला स्पायडर-मॅन, भल्यामोठ्या यंत्राखाली दबलाय, छतातून पाणी गळतंय, मे काकूच्या औषधाचा डबा समोर पडलाय आणि हात पोचत नाही. चौकटी मोठ्या मोठ्या होत जातात आणि शेवटी अख्ख्या पानावर तो यंत्र उचलून उभा राहतो.

जुलैत माकडांनी कवेलू सरकवले. रात्री पाऊस आला, पाणी थेट फडताळात. या खंडाचा खालचा कोपरा भिजला. सकाळी पुसून पंख्याखाली ठेवला. वाळला तेव्हा दहा-बारा पानं एकमेकांना चिकटलेली होती. दोन पानं ओढून सोडवली तर पीटरच्या खांद्यावरचा रंगच निघाला, नखाएवढा पांढरा डाग पडला. तिथेच थांबलो. बाकीची पानं सुटतील का? आणि उरलेले खंड ठेवू कुठे? काकांचे मराठीतले इंद्रजाल कॉमिक्स याच फडताळात वाळवीने खाल्ले होते.

शाईवाला:
दादा, आता ओढू नका. या चकचकीत कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. भिजला की तो मऊ होतो आणि दाबाखाली वाळला की दोन पानं एकजीव होतात. ओलं असतानाच प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घालून वाळवायचं असतं. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे चिकटायच्या आधी वेळ मिळतो. वाळून चिकटलेली पानं धडपणे सुटणं जवळजवळ अशक्य. वाईट वाटतं सांगताना, पण जी सुटी आहेत तेवढी जपा.

आर्वीवाले_काका:
भाऊ, मातीच्या भितीले पुस्तक टेकवूच नोको. वाळवी भितीतूनच येते. लोखंडी आलमारी घे, पाय हाय तशी, अन् भितीपासून वीतभर पुढं ठेव. वरून ताडपत्री टाक. म्या असेच ठेवले माह्ये इंद्रजाल. १९६४ च्या मार्चमंदी त्यातला वेताळ, म्हंजे फँटम, आला होता बाप्पा, अन् १९९० मंदी सारंच बंद झालं, आता कुठून आणू? पावसाळ्यात कोरड्या दिवशी आलमारी उघडून हवा दे, पण उन्हात पुस्तक ठेवजो नोको, रंग उडते. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेव, पानाले लागू देजो नोको.

मीरा_वणी:
आणखी एक. हे खंड वजनाने दोन-तीन किलोंचे. उभे ठेवले तर पानांचा गठ्ठा खाली लोंबतो आणि सांध्याजवळ कव्हरपासून सुटू लागतो. आडवे ठेवा, एकावर एक दोनच. घेताना बांधणी पाहा: कण्याच्या वरच्या टोकाला दुमडलेल्या फर्म्यांचे (एकत्र घडी घातलेल्या पानांचे) गठ्ठे दिसले तर शिलाई आहे, ते सपाट उघडतात. नुसता डिंक असेल तर पुस्तक दाबून उघडू नका. आणि दादा, रोज वाचायला मार्व्हलच्याच एपिक कलेक्शन मालिकेतले पातळ कव्हरचे खंड घेतलेत तर? त्यातही डिटकोचे हेच अंक आहेत.

कवेलूघर:
काका, मीराताई, शाईवाले भाऊ, मनापासून आभार. उन्हाळ्यात कवेलू फेरून घेतले होते, पण माकडांना काय करणार! आलमारी या बाजारी आणतो. एपिकचं पटतं, पण मला तो मोठा खंडच मांडीवर घ्यायला आवडतो, खोटं कशाला बोलू.

चिकटलेली पानं अंक ३४ मधली निघाली. ३३ शाबूत आहे, खांद्यावरचा तो डाग सोडला तर. तिसरीतली पुतणी रोज रात्री शेजारी बसते आणि मी चौकटीवर बोट ठेवून आपल्या बोलीत सांगतो. काल यंत्र उचलायच्या पानाआधीच थांबलो, तर तिने माझा हात बाजूला करून पान स्वतः उलटलं.