मदत हवी आहे: सिस्को राउटरवरच्या १०२४ बिट की बदलायच्या आहेत, आयपीसेक न पाडता

सिस्कोची आयओएस ही प्रणाली असलेले ३८ राउटर. प्रत्येकावर १०२४ बिटची एकच आरएसए जोडी (पब्लिक आणि प्रायव्हेट की) आहे आणि तीच एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) व आयपीसेकचं (राउटरांमधला एन्क्रिप्टेड टनेल) सर्टिफिकेट या दोन्हींसाठी वापरली आहे. खरी गोची इथेच आहे. की पुसणारी 'क्रिप्टो की झिरोआइझ आरएसए' ही कमांड लेबल (जोडीचं नाव) न देता चालवली, तर सगळ्या की जातात आणि त्यांच्यावर काढलेली सर्टिफिकेटंही जातात.

म्हणून ठरवलेला क्रम असा: आधी वेगळ्या लेबलने २०४८ बिटची जोडी बनवायची, मग 'आयपी एसएसएच आरएसए कीपेअर-नेम' ने एसएसएच तिच्यावर वळवायचं, जुनं सेशन चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन तपासायचं, आणि मगच राइट मेमरी, म्हणजे बदल कायमचे सेव्ह करायचे. प्रायव्हेट की रनिंग-कॉन्फिगमध्ये (राउटरच्या चालू सेटिंगमध्ये) दिसत नाही, त्यामुळे नुसत्या कॉन्फिगच्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

अडलंय ते इथे:

१. आयपीसेकसाठी तिसरी, स्वतंत्र जोडी करून नवा ट्रस्टपॉइंट (सर्टिफिकेट देणाऱ्या सीएची राउटरवरची नोंद) जुन्याच्या शेजारी उभा करावा, की जुन्यातच री-एनरोल करावं, म्हणजे नवं सर्टिफिकेट मागवावं? टनेल किती वेळ पडतो?

२. 'एक्सपोर्टेबल' (की राउटरबाहेर काढता येण्याची मुभा) जोडी बनवतानाच द्यावं लागतं, नंतर जोडता येत नाही. एसएसएचच्या कीला ते देऊ नये असं माझं मत. राउटर बदलला तर नवी की बनवू. सर्टिफिकेटच्या कीचं तुम्ही काय करता?

३. होस्ट की (एसएसएचमध्ये राउटरची ओळख पटवणारी की) बदलल्यावर सगळ्यांच्या नोन-होस्ट्समध्ये (ओळखीच्या कींच्या यादीत) बोंब उठणार. नेटवर्कवरून होस्ट की गोळा करणारं एसएसएच-कीस्कॅन समोरून येईल ती की मुकाट्याने घेतं. कन्सोलवरून (राउटरला थेट जोडून) फिंगरप्रिंट, म्हणजे कीची छोटी खूण, जुळवण्याची कमी कटकटीची पद्धत कुणाकडे आहे का?