मनगटावरच्या सेन्सरचं मॉडेल नव्या माणसावर गंडतं, काय करू?

प्रश्न:
मंडळी, मी बायोमेडिकल इंजिनिअर. बँडच्या पीपीजी (त्वचेवर प्रकाश टाकून नाडी टिपणाऱ्या) सिग्नलवरून हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे ओळखणारं मॉडेल बनवतोय. टेस्टमधे अ‍ॅक्युरसी झकास येते, पण नव्या माणसाच्या हातात बँड घातला की सगळं गंडतं. अजून मोठं न्यूरल नेटवर्क लावू का? आणि पुढे मशीन लर्निंगवर जोर देऊ की सिग्नल प्रोसेसिंगवर?

उत्तर १:
मोठं नेटवर्क अजिबात नको! आधी डेटा कसा वाटलायस ते बघ. रेकॉर्डिंगचे तुकडे करून शफल केले की एकाच माणसाचे तुकडे ट्रेनिंगच्या (मॉडेलला शिकवायच्या) डेटातही जातात आणि टेस्टच्याही, मग मॉडेल आजार सोडून माणूसच ओळखायला शिकतं. वाटणी माणसागणिक कर, फाईलगणिक पण नाही. एमआयटी-बीआयएच हा ईसीजीचा जुना प्रसिद्ध डेटा घे, त्यात रेकॉर्डिंग ४८ पण माणसं ४७, २०१ आणि २०२ नंबरची दोन्ही एकाच माणसाची आहेत. आणि नुसत्या अ‍ॅक्युरसीवर जाऊ नकोस रे, १०० जणांत २ आजारी असतील तर सगळ्यांना 'ठणठणीत' म्हणूनही ९८ टक्के मिळतात.

उत्तर २:
वरच्याशी सहमत. माझं मत विचारशील तर सिग्नल आधी. कच्चा सिग्नल प्लॉट करून डोळ्यांनी बघ, रोज बघ. माणूस मिनिटाला १२० पावलं चालला की ते २ हर्ट्झ (सेकंदाला २ वेळा) होतं, आणि १२० ठोके म्हणजे पण २ हर्ट्झच, मग फिल्टर बिचारा काय वेगळं काढणार? म्हणून अ‍ॅक्सेलरोमीटरचा (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल सोबत लागतोच. पट्टा सैल असला, मनगटावर गोंदण असलं, त्वचा गडद असली की सिग्नल कमजोर होतो, गडद त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य तर बँडचा हिरवा प्रकाशच शोषून घेतं. असे लोक ट्रेनिंगमधे नसतील तर ज्यांच्यावर मॉडेल चुकेल ते नेमके हेच, आणि हे मला तरी चालणार नाही.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद दोघांना. लेबल (ठोका खरंच अनियमित होता का ते) मी छातीवरच्या ईसीजीवरून घेतोय, पण दोन्ही यंत्रांची घड्याळं हळूहळू सरकतात, ती जुळवायची कशी?

उत्तर २:
दोन्हीत अ‍ॅक्सेलरोमीटर असेल तर दोन्ही एकत्र हातात धरून सुरुवातीला तीनदा ठक ठक आपट, शेवटी परत तेच. दोन्हीकडे टोकं दिसतील, त्यावरून सरकलेला वेळ निघतो. फक्त नाडी मनगटापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे पीपीजीचं टोक ईसीजीच्या आर टोकानंतरच (ठोक्याच्या सगळ्यात उंच टोकानंतर) येणार. ते अंतर घड्याळाची चूक समजून काढून टाकू नकोस.