आई गेल्यापासून बाबा एकटे आहेत, त्यांच्यासाठी कुत्रं आणावं का?

डोंबिवलीकर लेक:

माझे बाबा ७१ वर्षांचे, मिरजेत एकटेच राहतात. गेल्या श्रावणात आई गेली. तेव्हापासून त्यांनी बाहेर पडणं जवळपास बंदच केलंय. सकाळी दहापर्यंत अंथरुणात असतात. रात्री दूध-पोहे खाल्ले तर खाल्ले. आधी रोज पेपर वाचून त्यातलं काहीतरी मला फोनवर सांगायचे. आता मी गेले की पेपर घडीसकट पडलेले दिसतात.

मैत्रिणीने सुचवलं की कुत्रं आणून दे. बाबांच्या लहानपणी गावाकडे मोत्या होता, त्याच्या गोष्टी आम्ही शंभरदा ऐकल्यात. भाऊ म्हणतो, "त्यांचं त्यांनाच होईना, कुत्र्याचं कोण करणार?" त्याचंही खोटं नाही. खरंच काही फरक पडतो का? ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांनी कृपया सांगा.

पुण्याची सूनबाई:

पिल्लू आणू नका, एवढं कळकळीने सांगते. सासऱ्यांच्या मागे सासूबाईंना करमावं म्हणून आम्ही लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. आठ महिन्यांत ते एवढं दांडगं झालं की एका मांजरामागे धावताना त्याने साखळी ओढली आणि सासूबाई पडल्या. मनगट मोडलं. कुत्रा आता आमच्याकडे आहे आणि त्या त्याच्याविना आणखी एकट्या पडल्यात. त्यांचा त्याच्यावर फार जीव होता. चूक कुत्र्याची नव्हती, निवड आमची चुकली.

रंकाळ्याजवळचे काका:

ताई, मी कोल्हापूरचा, वय ६६. २०२१ ला आमची ही गेली. तुम्ही बाबांचं जे लिहिलंय ते वाचताना मला माझंच घर दिसलं.

मला कुणी कुत्रं आणून दिलं नाही. गल्लीत एक तांबडी कुत्री होती, ही तिला रोज सकाळी भाकरी घालायची. ही गेल्यावर मी दार लावून बसलो. तीन-चार दिवसांनी ती दाराला नखं घासायला लागली. उठलो ते तिला हाकलायलाच. दार उघडलं तर ती माझ्याकडं बघेना, माझ्या पायांमधून आत स्वयंपाकघराकडं बघत उभी राहिली. हिची वाट बघत होती. मागचा एक पाय उचलून धरलेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा पिठाच्या डब्याला हात लावला. भाकरी तव्याला चिकटली, तुकडे तुकडे झाले. निम्मे तिनं खाल्ले, निम्मे मी.

कुत्रं प्रेम देतं असं सगळे म्हणतात. देतंच. पण मी अंथरुणातून उठलो ते तिला बाहेर जायचं असायचं म्हणून. पहाटे साडेपाचला फरशीवर तिच्या नखांची टकटक यायची. मग कॉटपाशी येऊन थांबायची आणि गादीच्या कडेवर हनुवटी टेकायची. भुंकायची नाही, नुसता श्वास हातावर यायचा. पोरगा फोनवर म्हणायचा, बाबा जरा फिरून या. त्याला "उद्या जातो" म्हणता यायचं. तिला काय सांगणार?

आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग हळूहळू रंकाळ्यापर्यंत गेलो. तिथं लोक विचारायचे, "काय ओ, हिचा पाय बरा झाला का?" ताई, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. "तुम्ही कसे आहात?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, ऐकलं की घसा दाटून यायचा. तिच्या पायाबद्दल मात्र मी चांगली पाच मिनिटं बोलू शकायचो. त्या पाच-पाच मिनिटांतून माझी माणसांत ऊठबस परत सुरू झाली.

आता जे सांगतो ते नीट वाचा. तांबडी असूनही मला रात्र-रात्र झोप नव्हती, जीव नकोसा वाटायचा. मनाच्या डॉक्टरांकडं मी फार उशिरा गेलो, ते आधी करायला हवं होतं. गोळ्यांनी झोप आली, आणि तिच्या दोन जेवणांच्या वेळा ठरलेल्या म्हणून माझ्या गोळ्याही वेळेवर जायला लागल्या. मला दोन्ही लागलं. बाबा डॉक्टरांकडं यायला तयार नसतील तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ नंबर लावा. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि त्यांना न विचारता कुत्रं नेऊन दारात उभं करू नका. दुखात असलेल्या माणसावर आणखी एक ओझं टाकल्यासारखं होईल.

दवाखान्यातला मदतनीस:

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. काकांच्या म्हणण्याला जोड देतो. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळलं, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, नुसती चित्रं बघणाऱ्यांपेक्षा कमी भरलं. पण ही तेवढ्यापुरत्या ताणाची गोष्ट. बाबांचं दुखणं महिनोन् महिन्यांचं आहे, त्यासाठी डॉक्टर हवेतच.

कुत्रं घ्यायचं ठरलंच तर तीन-चार वर्षांचं, शांत स्वभावाचं गावठी घ्या. आधी पंधरा दिवस सांभाळायला म्हणून न्या, जमलं तर ठेवा. रेबीजची लस दरवर्षी. मिरजेच्या उन्हाळ्यात गोचिडांवर लक्ष ठेवा, त्यांच्यामुळे येणाऱ्या तापात प्लेटलेट घसरतात. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात नको. बाबांना कधी दवाखान्यात राहावं लागलं तर कुत्रं कुणाकडे जाईल, हे आजच एका शेजाऱ्याशी बोलून ठेवा. आमच्याकडे सोडून दिलेली निम्मीअर्धी कुत्री याच कारणाने येतात आणि दाराकडे तोंड करून बसतात. बघवत नाही.

डोंबिवलीकर लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी लोकलमध्ये वाचलं आणि रडले.

परवा बाबांना विचारलं. "मला नको कुत्रंबित्रं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी विषय सोडून दिला होता. आज सकाळी साडेआठला त्यांचाच फोन आला, कित्येक महिन्यांनी आपणहून. दुधाच्या केंद्रापाशी एक काळी कुत्री असते, आई तिला पारलेचे दोन पुडे घालायची म्हणे. मला यातलं काही माहीत नव्हतं. विचारत होते की तिचं ऑपरेशन झालंय का ते कसं कळतं.

दादा, तुम्ही दवाखान्यात आहात म्हणून विचारते, कसं ओळखायचं?

मनाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतलीय. बुधवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघतेय.

दवाखान्यातला मदतनीस:

कान बघायला सांगा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या एका कानाचा शेंडा कापलेला असतो किंवा कडेला खाच असते. एकदम हात लावू नका म्हणावं. शेजारी बसून तिला आधी वास घेऊ द्या.