भारत-चीन: प्राथमिक शिक्षकांची तुलना कशी करायची?

झेडपी_गुरुजी:
आमची शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मॅडमकडे. माझ्या फळ्यावर मधोमध खडूची रेघ: डावीकडे पहिलीची बाराखडी, उजवीकडे दुसरीची हातच्याची बेरीज. परवा वाचलं, भारतात शिक्षक १ कोटीच्या वर, चीनमध्ये ६६ लाख. मग आमच्याकडे तिसरा माणूस का नाही?

आकडेवाला:
सर, हे दोन आकडे एका तराजूत घालता येणार नाहीत. यूडायसच्या (केंद्र सरकारच्या शाळांच्या माहिती-नोंदीच्या) २०२४-२५ च्या अहवालातले १ कोटी १ लाख म्हणजे बारावीपर्यंतचे सगळे शिक्षक. चीनचे ६६ लाख (२०२३) फक्त प्राथमिकचे, आणि तिथलं प्राथमिक बहुतेक ठिकाणी सहावीपर्यंत. तिथली प्राथमिकची मुलं साधारण १०.८ कोटी, म्हणजे एका शिक्षकामागे सोळा.

निवृत्त_मुख्याध्यापिका:
सरासरीही फसवते हो. आरटीईनुसार (शिक्षण हक्क कायद्यानुसार) ६० पटापर्यंत दोनच शिक्षक. पट वीस असला की गुणोत्तर दहा, चीनपेक्षा चांगलं दिसतं. पण इयत्ता चारच्या चार! यूडायसच्या त्याच अहवालात एकशिक्षकी शाळा १ लाख ४ हजारांवर आहेत.

झेडपी_गुरुजी:
बाई, अगदी मनातलं बोललात. आमचा पट १९, म्हणजे कागदावर साडेनऊ. काल पहिलीतली एक पोर पाटी धरून कितीतरी वेळ शेजारी उभी होती, मी बेरजेत गुंतलेलो. ‘कमळ’ बरोबर लिहिलं होतं तिने. केंद्रप्रमुखांना आता पटाऐवजी इयत्ता मोजून अर्ज देतो.