मदत हवी आहे – मांजर गोळी अजिबात घेत नाहीये

आमची चिंगी, साडेतीन किलोची, सर्दी आणि डोळ्यातून पाणी म्हणून डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलंय १० दिवस, आज चौथा दिवस आणि आमचे दोघांचेही हात ओरबाडून निघालेत. पहिल्या दिवशी बांगड्याच्या तुकड्यात लपवून दिली तर बांगडा चाटूनपुसून खाल्ला आणि गोळी तशीच ओली ताटलीत ठेवून गेली. काल चुरा करून पाण्यातून दिली तर तोंडाला एवढा फेस आला की मी घाबरूनच गेले, डॉक्टर म्हणाले कडू लागलं की येतो फेस, पण चुरा करू नका, आणि दुधातून तर नकोच, औषध नीट लागू पडत नाही. शिवाय ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर आत जखम होते म्हणून नंतर सिरिंजने ५ मिली पाणी पाजायचंच, आणि ते पाजतानाच ती खरी उसळते हो. टॉवेलात गुंडाळलं तरी पुढचा एक पाय बाहेर काढतेच.

ज्यांच्या मांजरांनी असा कोर्स पूर्ण केलाय त्यांनी प्लीज सांगा, एकट्या माणसाला जमेल अशी पकड कशी धरायची? ते गोळी सोडायचं प्लास्टिकचं पिलर खरंच उपयोगी पडतं का? आणि याच औषधाचं सिरप मांजराला चाललंय का कोणाच्या, डॉक्टरांना विचारणारच आहे पण अनुभव हवाय.

शेजारच्या काकू ताप उतरायला क्रोसिन द्या म्हणाल्या, कृपया ते कोणी सुचवू नका, पॅरासिटामॉल मांजरांना विष आहे. संध्याकाळी ७ ला पुढची गोळी आहे.