'ती व्यक्ती' जिना चढली, म्हणजे नक्की कोण चढलं?

जिन्याखालचा:
नारायण पेठेत आमचा दर महिन्याला वाचनकट्टा असतो. या वेळी एका लांबत गेलेल्या इंग्रजी गुप्तहेर-मालिकेच्या नव्या भागाचा मराठी अनुवाद घेतला होता. (नाव देत नाही, नाहीतर सगळे नायकाच्या गुडघेदुखीवरच बोलत बसाल.) मतं फाटलीच. निम्म्यांनी रात्री दोनपर्यंत जागून संपवलं. उरलेल्यांचं म्हणणं, हा गडी गेले चार भाग निवृत्त होतोय, आता होऊ द्या त्याला.

पण खरी जुंपली ती एका शब्दावरून. मधली काही प्रकरणं खुन्याच्या बाजूने लिहिलेली आहेत आणि इंग्रजीत तो पुरुष की बाई हे शेवटपर्यंत कळत नाही. मराठीत असं आहे: 'ती व्यक्ती जिना चढली. क्षणभर थांबली. तिने हातमोजे चढवले.' पुढे चार पानं नुसतं 'ती' आणि 'तिने'. आमच्यातले एक काका दोनशे पानं वहिनीवर संशय घेऊन बसले आणि खुनी निघाला दीर. काका म्हणाले, ही शुद्ध फसवणूक. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, व्यक्ती स्त्रीलिंगीच, तुमचं व्याकरण कच्चं. तुम्ही काय लिहिलं असतं?

वरणफळ:
'तो व्यक्ती'. सगळे तसंच बोलतात हल्ली.

जुनाट:
सगळे म्हणजे टीव्हीवरचे. हिंदीत व्यक्ति पुल्लिंगी, तिथून घुसलंय ते. संस्कृतात स्त्रीलिंगी, मराठीत स्त्रीलिंगी. उद्या 'माझी आत्मा' म्हणाल.

वरणफळ:
शब्द लिंग बदलतात हो. आधी 'तो पेन' की 'ते पेन' एवढं ठरवून दाखवा, मग बोलू.

माहेर सातारा:
यावर आमच्या आजीकडे तोडगा होता. तिच्या तोंडी माणूस नेहमी नपुंसकलिंगी. "कोण हाय ते माणूस? कवाधरनं दारात उभं हाय." बाईमाणूस, गडीमाणूस, म्हातारं माणूस, सगळ्यांना 'ते'. मग लिहा की, 'ते माणूस जिना चढलं. क्षणभर थांबलं.' दीरही नाही, वहिनीही नाही.

टिळकरोडी:
थरार गेला ना पण! 'चढलं, थांबलं' वाचून खुनी नाही डोळ्यांपुढे येत, दम लागलेले शेजारचे आजोबा येतात. त्यांना पाणी द्यावंसं वाटतं.

मुळामुठा:
मी पोटापाण्यासाठी अनुवाद करते, म्हणून जरा सविस्तर. मराठीत लपायला एक चांगली जागा आहे. 'दार उघडलं. हातमोजे चढवले. दिवा मालवला.' भूतकाळात सकर्मक क्रियापद बहुतेक वेळा कर्माच्या मागे जातं, कर्त्याला विचारतही नाही. सर्वनाम गाळलं की कोणी उघडलं ते कळायची सोय नाही. दगा देतात ती येणं, जाणं, बसणं, थांबणं ही अकर्मक मंडळी. आणि 'जिना चढणं' तर महाबिलंदर, कर्म असूनही कर्त्याच्याच मागे जातं. तिथे वाक्यच मोडायचं: 'जिन्यावर पावलं वाजली. मग काही क्षण शांतता.'

भविष्यकाळातही निभावतं, 'थांबेल' दोघांनाही चालतं. पण अख्खं प्रकरण भविष्यात कसं लिहिणार? ज्योतिष वाटेल. बंगाली लेखकांचा मला हेवा वाटतो, त्यांच्या सर्वनामाला लिंगच नाही. 'व्यक्ती' लिहिणं चूक नाही, आळस आहे. चार पानं पुढे 'ती, ती' येत राहिलं की वाचक व्यक्ती विसरतो आणि बाई लक्षात ठेवतो. काकांची बाजू बरोबर आहे.

जुनाट:
आळस कसा? जे शुद्ध आहे ते लिहिलं. वाचकाने व्याकरण शिकावं.

कोल्हापूरकरीण:
खुन्याच्या तोंडूनच सांगा की सगळं. 'मी जिना चढलो. थांबलो.' आमच्याकडे बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात. पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी होस्टेलवर "आलो गं" म्हणाले आणि खोलीतल्या तिघी महिनाभर मला 'दादा' म्हणत होत्या. आता इथे 'आले', आईशी फोनवर 'आलो'. कोल्हापूरच्या वाचकाला त्या 'चढलो'वरून काही म्हणजे काही कळणार नाही.

जुनाट:
बोलीत ठीक आहे. छापील पुस्तकात प्रमाणभाषा हवी.

कोल्हापूरकरीण:
प्रमाण कुणाचं, तुमच्या पेठेचं?

पेठेतला:
पेठेला मध्ये ओढलंत म्हणून बोलतो. वर 'खुन्याच्या बाजूने' लिहिलंय ते बरोबरच, खुनीचं सामान्यरूप खुन्या. पण सदाशिव पेठेत 'खुन्या' ही प्रथमाच आहे: खुन्या मुरलीधर. खून मूळचा फारसी, अर्थ रक्त. आपण मराठीत त्याचा गुन्हा करून टाकला. देवळाला मात्र मूळचा अर्थच जास्त शोभतो. गद्रे सावकारांनी 1797 मध्ये ते बांधलं, मूर्तीवरून चकमक झाली आणि रक्त सांडलं. मुरलीधराने कुणाला मारलेलं नाही. बिचारा दोन शतकांहून जास्त काळ आरोपी आहे.

वरणफळ:
पासोड्या विठोबाचं काय मग?

पेठेतला:
तिथे पासोड्या विकायला बसत.

टिळकरोडी:
आणि डुल्या मारुती पानिपताच्या वेळी डोलला म्हणून डुल्या.

जुनाट:
डोलताना कुणी पाहिला?

माहेर सातारा:
नाव ठेवणाऱ्याने पाहिला असेल. पुण्यात देवालाही नावं ठेवतात, अनुवादकाचं काय घेऊन बसलात!

जिन्याखालचा:
मंडळी, जिना राहिला बाजूला. काल काकांना 'ते माणूस जिना चढलं, थांबलं' असं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग मी त्या घरातल्या लहान पोरावर संशय घेतला असता." मुळामुठांची 'पावलं वाजली' अजून वाचून दाखवायची आहेत, पण त्यांनी पुस्तक परत करून मालिकेचा पुढचा भाग नेलाय.

मुळामुठा:
पुढच्या भागात खुनी पत्रं पाठवतो. सही नसलेली, सगळी 'मी' मध्ये. अनुवाद कोणी केलाय ते माहीत आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

वरणफळ:
पेनाचं कोणीच सांगितलं नाही. आमच्यात 'तो'.