४००१ डायोड ५०० व्होल्टला पण टिकतोय, मग ५० कशाचे?

कुपवाड_वाइंडर:
नमस्कार मंडळी, कुपवाड एमआयडीसीत मोटर वाइंडिंगचं काम आहे, पंपाच्या स्टार्टर पॅनलमधले बोर्ड पण येतात. सांगलीतून सुट्टे ४००१ आणले होते, डेटाशीटला रिव्हर्स ५० व्होल्ट आहे, म्हटलं बघू तरी कितीला फुटतोय, तर डिजिटल मेगरचा (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) प्लस डायोडच्या पट्टीकडं, म्हणजे उलटा लावून ५०० ची रेंज दाबली, एक आरामात टिकला, ओव्हररेंज (मीटरच्या मोजमापाच्या पलीकडचा रेझिस्टन्स). दुसऱ्याला व्होल्टेज ३८० ला अडकलं आणि ०.३८ मेगओहम आलं. हा लीक झालाय का? आणि पहिला २३० च्या लाईनवर ४००७ च्या (तसलाच डायोड, पण १००० व्होल्टचा) जागी लावला तर?

मिरज_रिपेअर:
लीक नाही ओ. ३८० भागिले ०.३८ मेग करा, बरोबर १ मिलिअँप येतंय, ती तुमच्या मेगरची करंट लिमिट. डायोड ३८० ला ब्रेकडाऊनला गेला (उलटा करंट सोडायला लागला) आणि मेगरने हात टेकले, तो आकडा रेझिस्टन्स म्हणून वाचायचाच नाही. आता २५० ची रेंज लावून बघा, ओव्हररेंज आलं तर डायोड ठणठणीत, तिथंही काही मेग दाखवलं तर मग लीकेज. बटण दाबून धरू नका पण, डायोड तापला की लीकेज वाढतं आणि रीडिंग सरकतं. आणि बोर्डवर असताना मेगर अजिबात नको, शेजारचा आयसी जाईल.

विश्रामबाग_७:
५० ही कंपनीची हमी आहे, निदान एवढं सोसेल, नेमका कितीला फुटेल ते कुणी लिहून देत नाही. ४००१ चा माल बऱ्याचदा छापलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतो, तुमच्याच पुडीतला एक ३८० ला गेला आणि एक ५०० ला पण नाही, उद्याच्या पुडीतला ८० ला जाईल, तक्रार कुणाकडं करणार? लाईनचं गणित बघा: २३० चा पीक ३२५, हाफवेव्हच्या पुढं कपॅसिटर असला की डायोडवर उलटे ६५० येतात. तुमचा पहिलासुद्धा ५०० पर्यंतच पास झालाय. वर काँटॅक्टरची कॉइल सुटताना मारते तो स्पाइक वेगळाच. चार आण्याच्या फरकासाठी कशाला, ४००७ च लावा की.

मिरज_रिपेअर:
+१. झेनरला (ठरावीक व्होल्टेजला मुद्दाम ब्रेकडाऊन होणारा डायोड) मात्र मेगर लावू नका हं, १२ व्होल्टच्या ४७४२ चं रेटिंग २१ मिलिअँपवर दिलेलं असतं, १ मिलिअँपवर थोडं कमी दिसलं की माणूस चांगला माल फेकून देतो. २४ व्होल्टची सप्लाय, सिरीजला ५६० ओहम, आणि झेनरवर मीटर, झालं.

कुपवाड_वाइंडर:
२५० वर दोन्ही ओव्हररेंज! म्हणजे दोन्ही चांगले. २३० ला ४००७ च टाकतो, हे १२ व्होल्टच्या रिले कॉइलवर वापरतो.